मान दुखते, कोपर दुखतं, पोटात दुखतं: इंग्रजीतली दुखणी आणि आपली

म्हापशेकरीण

नमस्कार मंडळी. म्हापशात एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात मी बारा वर्षं काम करते आहे. ऑक्टोबर ते मार्च किनाऱ्यावर उतरलेले इंग्रज पाहुणे आमच्याकडे येतात. एरवी आपलीच माणसं: भातलावणीत कंबर धरलेली, स्कूटर घसरून पडलेली, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना खांदा अवघडलेली.

धागा काढायचं कारण सांगते. नोंदीच्या टेबलावर एक नवी मुलगी आली आहे. पेडण्याची, मराठी शाळेत शिकलेली, कामाला चोख. गेल्या महिन्यात सत्तरीच्या पुढच्या एक इंग्रज बाई नवऱ्याला घेऊन आल्या. काय होतंय म्हणून विचारल्यावर बाई म्हणाल्या, 'हिज नी इज किलिंग हिम, अँड ही इज अ पेन इन द नेक.' मुलीने कार्डावर गुडघा आणि मान, दोन्ही लिहिलं. मी आत मान तपासायला घेतली, ते गृहस्थ बुचकळ्यात पडले, आणि खुलासा झाल्यावर बाई खूप हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मुलगी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, 'ताई, त्या बोलल्या तेच मी लिहिलं.'

खरंच तेच लिहिलं होतं. म्हणून तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या हॉटेलात, औषधांच्या दुकानात, टॅक्सीत काम करणाऱ्या सगळ्यांसाठी मी एक वही सुरू केली आहे. आतापर्यंतचं असं:

'पेन इन द नेक' म्हणजे कटकट्या माणूस किंवा जिवाला लागलेली ब्याद. मानेशी संबंध नाही. याचंच एक असभ्य रूप आहे, त्यात मानेऐवजी बूड येतं. पण 'क्रिक इन द नेक' म्हणजे मान खरोखर अवघडलेली, उसण भरलेली. 'माय बॅक इज प्लेइंग अप' म्हणजे पाठीचं जुनं दुखणं पुन्हा उचल खातंय. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या. 'इट्स किलिंग मी' म्हणजे फार दुखतंय. एका अमेरिकन बाईंनी 'चार्ली हॉर्स' म्हटलं, तो निघाला पोटरीत आलेला गोळा. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या बेसबॉल खेळाडूंच्या बोलीतून आला.

तुम्हाला आणखी माहीत असतील तर द्या. त्यांना आपल्याकडे काय म्हणतात तेही द्या.

सत्तरीचा वारा

आधी त्या मुलीला माझा निरोप द्या. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपल्याकडे माणसाच्या पोटात दुखतं. कुणा इंग्रज नर्सने हे ऐकलं असतं तर तिनेही कार्डावर पोटच लिहिलं असतं. आपण तर 'पोटशूळ उठला' म्हणतो. शूळ म्हणजे टोकदार सूळ. दुसऱ्याचं बरं पाहून पोटात सूळ घुसावा, हे परक्याला कोशातून कसं कळणार?

मळ्यातले आजोबा

म्हापशेकरीणबाय, विषय फार आवडला. माझं वय आता ब्याऐंशी. १९६१ च्या आधी मी पणजीत पोर्तुगीज शाळेत शिकलो, त्यामुळे माझ्याकडे तिसऱ्याच भाषेची पेटी आहे.

मत्सराला पोर्तुगीज 'दोर द कोतोवेलो' म्हणतात. कोतोवेलो म्हणजे हाताचं कोपर. जळणाऱ्या माणसाचं कोपर दुखतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला बक्षीस मिळालं तेव्हा मास्तर दुसऱ्याला म्हणाले होते, तुझं कोपर दुखतंय का रे? मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, कोपर कशाला, पोट म्हण. म्हणजे सत्तरीकरांचा मुद्दा आमच्या स्वयंपाकघरात तेव्हाच निघाला होता.

दुसरी गोष्ट. इंग्रजी 'पेन' आणि पोर्तुगीज 'पेना' ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. तो शब्द 'पोएना', आणि त्याचा अर्थ दुखणं नव्हे तर शिक्षा, दंड. म्हणून इंग्रजीत 'पीनल' आणि 'पेनल्टी' हे त्याचे भाऊ. 'ऑन पेन ऑफ डेथ' म्हणजे मृत्यूच्या शिक्षेची भीती घालून. तिथे पेनचा जुना अर्थ जिवंत आहे. पोर्तुगीज मात्र हळहळले की म्हणतात 'कि पेना!', म्हणजे अरेरे. आणि 'व्हाले आ पेना' म्हणजे केलेल्या कष्टाचं चीज झालं. दंड, दुःख, हळहळ, कष्ट, एका शब्दाच्या पोटात सगळं.

शरीर दुखतं त्याला ते 'दोर' म्हणतात. आपल्याकडच्या ख्रिस्ती बायकांत दोलोरिस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, दुःखांवरून ते ठेवतात. माझ्या लहानपणी शेजारी एक दोलोरिस होती, आमचे गुडघे फुटले की गरम फेणीने चोळून द्यायची. तिच्या नावाचा अर्थ मला खूप उशिरा कळला.

डिचोलीचा शब्दवेडा

आजोबांना नमस्कार. मला या विषयाचं वेड आहे, त्यामुळे जरा लांबेल.

'स्मार्ट' घ्या. आज हुशार, चटपटीत माणसाला आपण स्मार्ट म्हणतो, फोनलाही म्हणतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द झोंबणाऱ्या वेदनेचा होता. जर्मन 'श्मेर्त्स', म्हणजे वेदना, त्याचा सख्खा नातेवाईक. झोंबणारं ते तीक्ष्ण, तीक्ष्ण ते चपळ, चपळ ते हुशार, असा प्रवास झाला. जुना अर्थ मेलेला नाही: जखमेवर औषध लावल्यावर 'इट स्मार्ट्स' म्हणतात.

मला वाटायचं ही इंग्रजीचीच करामत. मग एकदा आजीच्या तोंडून ऐकलं, 'खरचटलंय तिथे चुणचुणतंय.' आणि मी थांबलोच. चुणचुणणे म्हणजे बारीक झोंबणे. आणि चुणचुणीत मुलगा म्हणजे? स्मार्ट! एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांनी तीच वाट धरली. हे सापडलं त्या दिवशी मला कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि घरी ऐकायला आजीच होती. ती म्हणाली, त्यात काय, मिरचीला आपण नाही का चुणचुणीत म्हणत.

दुसरा 'सॉरी'. हा 'सॉरो' या शब्दापासून आला असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. तो 'सोअर'पासून आला, म्हणजे दुखरा, हुळहुळा. 'सोअर थ्रोट'मधला तोच. सॉरी म्हणजे मुळात 'माझं दुखतंय.' 'सोअर पॉइंट' म्हणजे आपली दुखरी नस. 'सोअर लूझर' म्हणजे हार सहन न होणारा. 'अ साइट फॉर सोअर आइज' हे कुणी बरेच दिवसांनी भेटलं की म्हणतात. आपल्याकडे याला फार गोड जोड आहे: तुला पाहून डोळे निवले.

तिसरा 'ग्राइप'. अमेरिकन बोलीत ग्राइप करणे म्हणजे कुरकुर करणे. पण गोव्यातल्या प्रत्येक घराला हा शब्द बाटलीवरून ठाऊक आहे: ग्राइप वॉटर! विल्यम वुडवर्ड या औषधविक्याने १८५१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला ते काढलं. ग्राइप म्हणजे आतड्याला पडलेला पीळ, आपला मुरडा. बाळाच्या पोटातला मुरडा मोठ्या माणसाच्या तोंडची कुरकुर झाला. 'बेलीएक्' याचंही तसंच, पोटदुखी आणि रडगाणं दोन्ही. आपल्याकडे पोटात मुरडा येतो आणि नाकही मुरडतं. क्रियापद तेच, अवयव बदलला.

आणि 'एक्' (ache), म्हणजे दुखणे, हा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचं क्रियापद 'एक्' होतं आणि नाम 'एच', एच या अक्षरासारखं. पुढे दोन्हींचा उच्चार सारखाच झाला. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात तो ग्रीकमधून आला असं समजून स्पेलिंग पक्कं केलं. समज चुकीचा होता, स्पेलिंग मात्र राहिलं. शाळेत ज्यांनी त्यासाठी छड्या खाल्ल्या त्यांच्यासाठी ही माहिती.

इंग्रजीच्या बाई, फोंडा

मी छड्या मारत नाही, पण हा शब्द शिकवताना दरवर्षी अडते. जोडशब्द मोजकेच आहेत: हेडेक्, टूथेक्, इअरेक्, बॅकेक्, स्टमकेक् आणि मनाचा हार्टेक्. लेगेक् कुणी म्हणत नाही. पाय दुखला तर 'माय लेग हर्ट्स.'

आपली मुलं हमखास म्हणतात 'माय लेग इज पेनिंग.' इंग्लंडात हे कानाला खटकतं, कारण तिथे 'पेन' हे क्रियापद आता बहुतेक मनाच्या दुःखासाठी उरलंय: 'इट पेन्स मी टू से', सांगताना वाईट वाटतंय. मी मुलांना त्यासाठी रागावत नाही. त्यांच्या डोक्यात 'दुखतंय' हे जिवंत क्रियापद असतं, आणि ते तसंच्या तसं इंग्रजीचा सदरा घालून बाहेर येतं.

फरक बघा ना. इंग्रज म्हणतो माझ्याकडे डोकेदुखी आहे, खिशात रुमाल असावा तशी. आपण म्हणतो डोकं दुखतंय. डोकंच ते काम करतंय. आणि 'पोटात दुखतंय' या वाक्यात तर कर्ताच नाही. कोण दुखतंय? कुणी नाही. नुसतं दुखतंय. मला हे वाक्य व्याकरण म्हणून फार सुंदर वाटतं.

अलीकडे मात्र मुलं 'मला डोकेदुखी आहे' असं लिहू लागली आहेत. तेव्हा मी थांबवते.

कोकणीभास

एक छोटीशी भर. आमच्या कोकणीत डोळ्यांतल्या आसवांना 'दुकां' म्हणतात. म्हजी तकली दुखता, आणि दोळ्यांतल्यान दुकां गळटात; म्हणजे माझं डोकं दुखतं, आणि डोळ्यांतून आसवं गळतात. दुखणं आणि पाणी यांचा शब्द एकाच घरचा.

सत्तरीचा वारा

कोकणीभास, हे मी रोज बोलतो आणि कधी लक्षात आलं नाही. आभार.

साखळीचे फौजी

'बाइट द बुलेट' राहिलं. आज त्याचा अर्थ नको असलेली गोष्ट मन घट्ट करून उरकणे. मूळ पलटणीतलं. फ्रान्सिस ग्रोसच्या १७९६ च्या बोलीकोशात नोंद आहे की काही पलटणींत फटके बसताना ओरडणं कमीपणाचं मानत, म्हणून शिपाई तोंडात गोळी धरून चावत. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग झाला. त्याआधी बहुतेक शस्त्रक्रियाही शुद्धीतच होत असत. तेव्हा दातात काहीतरी लागायचंच.

आपण म्हणतो 'कळ काढ'. माझ्या पायातून छर्रा काढताना शेजारच्या खाटेवरचा जवान हेच म्हणत होता. कळ आपली आपण काढायची, आणि दुसऱ्याची कळ पाहून आपल्याला येतो तो कळवळा. त्याच्या आवाजात दोन्ही होतं.

पहाटेची धाव

मी मडगावला व्यायामशाळेत शिकवतो. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'नो पेन, नो गेन' आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. आपल्याकडेही टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतातच की. ताई, तुम्ही यालाही नावं ठेवणार का?

म्हापशेकरीण

दादा, नावं ठेवत नाही, पण या वाक्यावर माझा खरंच राग आहे, कारण ते भिंतीवर वाचून आलेली माणसं माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात एकवीस वर्षांचा मुलगा आला. खांद्यात सुरी फिरल्यासारखं होत असताना त्याने तीन आठवडे वजनं उचलली. का थांबला नाहीस विचारलं तर त्याने हेच वाक्य म्हटलं.

मूळ वाक्य दुखण्याचं नाहीच. रॉबर्ट हेरिक या कवीने १६४८ मध्ये 'नो पेन्स, नो गेन्स' लिहिलं, अनेकवचनी. बेंजामिन फ्रँकलिनने १७५८ मध्ये तसंच काहीसं लिहिलं. त्या काळच्या 'पेन्स'चा अर्थ कष्ट, मेहनत. 'टेक पेन्स' म्हणजे कष्ट घेणे, 'पेन्सटेकिंग' म्हणजे कसोशीने केलेलं. आजोबांनी 'व्हाले आ पेना' सांगितलं, त्यातलाही अर्थ हाच. १९८० च्या दशकात जेन फोंडा या अमेरिकन नटीच्या व्यायामाच्या व्हिडिओंनी ते घरोघरी नेलं, आणि कष्टाचं दुखणं झालं. कष्टाविण फळ नाही, हा त्याचा खरा मराठी अर्थ. टाकीचे घाव दगडाला बसतात, दादा. दगडाला स्नायूबंध नसतात.

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, ते चालतं. ते आपोआप ओसरतं. पण व्यायाम करतानाच सांध्यात सणक आली, सूज आली, हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच क्षणी थांबायचं. हे दुखणं सांगत असतं की काहीतरी फाटतंय किंवा दाबलं जातंय.

पहाटेची धाव

पटलं. कष्ट आणि दुखणं यातला फरक मी मुलांना तोंडी सांगतो, पण भिंतीवर नाही. भिंत रंगवायला काढली आहे, तेव्हा तुमचं मराठी वाक्य लिहीन. आंबणं आणि सणक हे दोन शब्दही लिहीन.

बांबोळी, रात्रपाळी

परिचारिका आहे. विषय गमतीचा वाटेल, पण एक शब्द जिवावर बेततो म्हणून लिहिते. 'हार्टबर्न'. यात हृदय मुळीच नाही. ती पित्ताची जळजळ, आम्ल अन्ननलिकेत वर येतं ती. पाहुणे हा शब्द म्हणाले की हॉटेलातली मुलं घाबरतात. उलट आपल्या घरांत खरोखर हृदयाचा झटका आलेला असतो आणि सगळे म्हणतात गॅस झालाय, सोडा दे. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, धाप: यातलं काही असेल तर शब्दांचा अर्थ लावत बसू नका, १०८ लावा. रोगी कोणत्याही भाषेत काहीही म्हणो. तुमच्या वहीत हे पहिल्या पानावर लिहा, ही विनंती.

म्हापशेकरीण

पहिल्या पानावर लिहिलं. लाल शाईने.

रात्रपाळीच्या ताईंमुळे मनातलं खरं बोलते. १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेची एक प्रश्नावली केली. त्यात वेदनेचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. दुखणं किती यापेक्षा ते कसं, हे विचारायला त्यांनी शिकवलं. कारण शब्दावरून कारणाचा माग लागतो. जळजळ, विजेसारखी चमक, मुंग्या असं कुणी म्हणालं तर मी आधी नसेचा विचार करते. जड, बोथट दुखतंय म्हटलं तर स्नायूचा.

शिकताना ते ७८ शब्द मी इंग्रजीत पाठ केले. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली आणि म्हणाली, 'ठसठसतंय गो बाय, आणि मधूनच सणक मारतंय.' मी तिचं वाक्य मनात इंग्रजीत नेलं, तिथून परत आणलं, मग उपाय केला. किती वळसा! ठणकणं, ठसठसणं, सलणं, चरचरणं, हुळहुळणं, रगरगणं, भगभगणं, कळ, चमक, उसण, वांब, पेटका. प्रत्येकाची जागा वेगळी. ठसठसण्यात पू भरल्याची लय आहे, सलण्यात आत काहीतरी रुतलेलं आहे. आजकालची तरुण मुलं माझ्यासमोर बसून फक्त 'पेन होतंय' म्हणतात. कसं पेन? पेनच. मग मला दहा प्रश्न जास्त विचारावे लागतात.

म्हणून वहीला आता दोन बाजू केल्या आहेत. उजवीकडे पाहुण्यांचे शब्द, डावीकडे आपले.

अकरावीची विद्यार्थिनी

आमच्या वयाचा एक देते: 'बट-हर्ट'. फालतू गोष्टीवरून कुणी फुगून बसलं की नेटवर म्हणतात. आई म्हणाली, याला नाकाला मिरच्या झोंबणं म्हणायचं. 'पेन होतंय' म्हणणाऱ्यांत मीही आहे. काल टाचेत दुखलं तेव्हा नीट विचार केला. सलतंय. खिळा नाही, काही नाही, पण सलतंय.

इंग्रजीच्या बाई, फोंडा

शाबास. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला जास्त सलतं का? मग म्हापशेकरीणताईंना सांग.

म्हापशेकरीण

हो गं, सांग. पहिल्या पावलाला सलत असेल तर टाचेखालच्या पट्ट्याचं असू शकतं. अनवाणी फरशीवर चालू नकोस आणि कुणाला तरी दाखवून घे.

आणि एक बातमी. धागा मी त्या मुलीला वाचून दाखवला. चुणचुणीतपाशी ती हसली, फौजीकाकांच्या पोस्टपाशी गप्प झाली. काल एक इंग्रज आजोबा आले, म्हणाले, 'माय शोल्डर्स गिव्हिंग मी जिप.' जिप आमच्या वहीत नव्हता, मलाही नवा होता. तिने पेन खाली ठेवलं, उठून त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, 'एका बोटाने दाखवा.' त्यांनी दाखवलं. मग 'हात वर करा.' अर्ध्यावर त्यांनी डोळे मिटले. तिने कार्डावर त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली मराठीत लिहिलं: उजवा खांदा, पुढची बाजू, हात वर नेताना सणक.

शब्दवेडे दादा, हा जिप कुठला?

डिचोलीचा शब्दवेडा

इंग्लंडातला बोलीतला शब्द. 'जिप देणे' म्हणजे छळणे, दुखणे. बहुधा 'जी-अप'वरून आला, म्हणजे घोड्याला हाकण्याची आरोळी. अमेरिकेत फसवण्यासाठी असाच उच्चाराचा एक शब्द आहे, तो वेगळा आणि एका जमातीला हिणवणारा, तो वहीत नको. हा मात्र उजव्या पानावर लिहा. डाव्या पानावर त्याच्यासमोर काय लिहिणार?

म्हापशेकरीण

तिने आधीच लिहिलंय: 'खांदा सतावतोय.'